जीटीएक्स १०६०, उबुंटू आणि चार वेळा टाकलेला ड्रायव्हर

प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कुणाकडून तरी वापरलेलं एनव्हीडियाचं जीटीएक्स १०६०, ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड घेतलंत आणि यंत्रावर उबुंटू २४.०४ हे लिनक्स टाकलंत. पडद्यावर चित्र येतं, पण डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये एकच रिझोल्यूशन दिसतं, साधा व्हिडिओ लावला तरी प्रोसेसरचा पंखा घोंगावतो, आणि ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅमला कार्ड सापडतच नाही. ड्रायव्हर, म्हणजे यंत्राला कार्डाशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम, चार वेळा टाकून काढून झाला. एका मित्राने सांगितलं, ‘नावात ओपन असलेला टाक, तोच आता चालतो’, आणि तो टाकल्यापासून ही अवस्था आहे. दुसरा मित्र म्हणतो, लिनक्सवर एनव्हीडिया नको, एएमडी कंपनीचंच कार्ड घ्यावं. पुढे मशीन लर्निंगही शिकायचंय. म्हणून तुमचा प्रश्न: लिनक्सचा सपोर्ट असलेलं कार्ड कोणतं?

आधी हे सांगतो, की नवं कार्ड आत्ता घेऊ नका. लक्षणांवरून तुमचं कार्ड बिघडलेलं वाटत नाही, त्याला न जुळणारं पॅकेज मिळालेलं दिसतं. राहिला सपोर्टचा प्रश्न. मी १८ वर्षं एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची ग्राफिक्स लॅब सांभाळतो आणि बाहेर दोन छोट्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओंची यंत्रंही बघतो. इतक्या वर्षांत ‘सपोर्ट आहे का’ असं विचारणं मी सोडून दिलंय. मी तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारतो. पडद्यावर चित्र नीट येईल का? कार्ड पूर्ण ताकदीने चित्र काढेल का? आणि त्या कार्डावर चित्राखेरीज दुसरं गणित चालेल का? एकाच कार्डासाठी या तिन्हींची उत्तरं वेगळी येतात, आणि चार वर्षांनी ती बदलतातही.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात: एकच रिझोल्यूशन दिसतं. याचा अर्थ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कार्डाचा कुठलाच खरा ड्रायव्हर चालू नाही. यंत्र सुरू होताना मदरबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या चिपमध्येच बसवलेला प्रोग्रॅम, पडद्यासाठी एक साधी चौकट उभी करून देतं, कर्नल तीच पुढे वापरतोय. त्या चौकटीत रंग भरायचं काम कार्ड करत नाही, प्रोसेसर करतो. पंखा म्हणूनच घोंगावतो.

हे दोन आज्ञांनी पडताळता येतं. टर्मिनलमध्ये एल-एस-पी-सी-आय लिहा, एक जागा सोडा, उणे चिन्ह आणि के लिहा. येणाऱ्या यादीत तुमचं कार्ड शोधा. त्याच्याखाली ‘वापरात असलेला ड्रायव्हर’ अशा अर्थाची ओळ हवी. तिथे एनव्हीडिया असेल तर कंपनीचा ड्रायव्हर चालू आहे, नूव्हो असेल तर समाजाने लिहिलेला मुक्त ड्रायव्हर चालू आहे, आणि ती ओळच नसेल तर कुणीच चालू नाही. दुसरी आज्ञा जीएलएक्सइन्फो, तिच्यापुढे उणे चिन्ह आणि मोठा बी. तिच्या उत्तरात ‘रेंडरर’च्या पुढे कार्डाचं नाव यायला हवं. तिथे एलएलव्हीएमपाइप हा शब्द दिसला, तर चित्र प्रोसेसर काढतोय हे नक्की झालं. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे पहिल्या आज्ञेत ओळ गायब असेल आणि दुसरीत एलएलव्हीएमपाइप दिसेल.

आता असं का झालं ते. एनव्हीडियाने मे २०२२ मध्ये ५१५ या आवृत्तीपासून आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग मुक्त केला, म्हणजे त्याचं मूळ लेखन सगळ्यांना खुलं केलं. या भागाला मॉड्यूल म्हणतात. मात्र हा मुक्त भाग ट्यूरिंग आणि त्यानंतरच्या पिढ्यांवरच चालतो, म्हणजे आरटीएक्स २०, जीटीएक्स १६ मालिका आणि पुढची कार्डं. ट्यूरिंगपासून कार्डाच्या चिपवर जीएसपी नावाचा एक छोटा प्रोसेसर आहे. वीज, घड्याळाची गती, कार्ड सुरू करण्याचे शेकडो टप्पे ही पूर्वी ड्रायव्हर करायचा ती बरीच कामं आता तो जीएसपी करतो. मुक्त मॉड्यूल त्याच्याशीच बोलतं. तुमचं १०६० पास्कल पिढीचं, २०१६ सालचं. त्यात हा प्रोसेसर नाहीच. म्हणून ‘ओपन’ पॅकेज टाकल्यावर मॉड्यूल कार्डाकडे बघतं, बोलायला कुणी नाही हे त्याला कळतं, आणि ते मागे फिरतं. त्याच पॅकेजने नूव्होला मात्र आधीच बंद करून ठेवलेलं असतं. दोन्ही गेले, उरली ती फर्मवेअरची चौकट.

डीमेसेज ही आज्ञा सुडोसकट चालवून एनव्हीआरएमने सुरू होणाऱ्या ओळी वाचा. आवश्यक जीएसपी नसल्यामुळे हे कार्ड ओपन मॉड्यूलला चालत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं असेल. तुमच्या पहिल्या मित्राचं कार्ड नवं असावं, आणि त्या कार्डापुरता त्याचा सल्ला बरोबरच आहे. ब्लॅकवेल पिढीला, म्हणजे आरटीएक्स ५० मालिकेला, तर ओपन मॉड्यूलच लागतं, जुनं बंद मॉड्यूल तिथे चालत नाही. म्हणजे त्याच्या कार्डाला जे हवं, नेमकं तेच तुमच्या कार्डाला वर्ज्य आहे.

उपाय असा. आधी एनव्हीडियाची सगळी पॅकेजं काढून टाका. चार प्रयत्नांपैकी एखादा जर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या, डॉट रन या शेवटाच्या फाइलने केला असेल, तर ती फाइल तिच्या काढून टाकण्याच्या पर्यायासह पुन्हा चालवून तिच्या मागे राहिलेल्या फाइली आधी साफ करा. तसं न करता उबुंटूचं पॅकेज टाकलं तर दोन आवृत्त्यांच्या फाइली एकमेकींत मिसळतात, आणि मग कुठला दोष कशाचा हे कळेनासं होतं. त्यानंतर ५८० मालिकेचं, नावात ‘ओपन’ नसलेलं पॅकेज उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातून टाका. ५८० म्हणतोय त्याला कारण आहे: मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी एनव्हीडियाने जाहीर केलेली ही शेवटची शाखा आहे. त्यापुढच्या आकड्याचा ड्रायव्हर तुमच्या कार्डाला ओळखणार नाही. कुणी ‘अजून नवा टाक’ म्हणालं तरी टाकू नका.

एवढं करूनही तेच झालं, तर सिक्युअर बूट बघा. ते चालू असेल तर कर्नल सही नसलेलं मॉड्यूल आत घेत नाही. मॉड्यूल हाताने चढवायला गेलात की किल्ली नाकारल्याचा निरोप येतो. उबुंटू ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागतं, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना एक निळा पडदा येतो. त्यावर किल्ली नोंदवायचा पर्याय निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा काही सेकंदच थांबतो. लोक चहा घ्यायला उठतात, पडदा निघून जातो, यंत्र मुकाट्याने सुरू होतं, आणि दोष ड्रायव्हरच्या माथी बसतो. मी पाहिलेल्या ‘ड्रायव्हर लागत नाही’ तक्रारींपैकी बऱ्याच या निळ्या पडद्यापाशी येऊन थांबतात.

अजून एक शक्यता: मागच्या एखाद्या प्रयत्नात कुणाच्या सांगण्यावरून तुम्ही बूटच्या ओळीत नोमोडसेट हा शब्द घातला असेल. काळ्या पडद्यातून बाहेर पडायला तो तात्पुरता कामाचा असतो, पण तिथेच राहिला तर नूव्हो किंवा एएमडीजीपीयूसारखे कर्नलमधले ड्रायव्हर सुरूच होत नाहीत. ग्रब या, यंत्र सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची सेटिंगची फाइल उघडून खात्री करा.

इतकं सांगून थांबता आलं असतं. पण पुढचं कार्ड कोणतं घ्यावं हे तुम्ही विचारलंय, आणि ते ठरवायला आतली रचना थोडी कळायला हवी.

पूर्वीचं ग्राफिक्स कार्ड सोऱ्यासारखं होतं. सोबत चार चकत्या यायच्या. चकलीची लावली की चकली, शेवेची लावली की शेव. त्रिकोण काढ, प्रकाश टाक, वर चित्र चिकटव, एवढीच ठरलेली कामं ते करायचं आणि ड्रायव्हरने फक्त कुठली चकती ते सांगायचं. २००१ मध्ये जीफोर्स ३ आलं आणि त्रिकोणांच्या टोकांसाठी छोटे प्रोग्रॅम लिहिता येऊ लागले. २००२ च्या रेडिऑन ९७०० ने प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी अपूर्णांकांत चालणारे बरेच मोठे प्रोग्रॅम शक्य केले. २००४ मध्ये ओपनजीएल २.० सोबत (ओपनजीएल म्हणजे कार्डाकडून चित्र काढून घ्यायच्या आज्ञांचं प्रमाण) असे प्रोग्रॅम लिहायची भाषा प्रमाण झाली. या प्रोग्रॅमांना शेडर म्हणतात. म्हणजे चकती आता तुम्ही स्वतः कापून आणायची. २००६ च्या जीफोर्स ८८०० मध्ये टोकांसाठी वेगळी आणि बिंदूंसाठी वेगळी यंत्रणा हा भेदही गेला, सगळी कामं एकाच प्रकारच्या गणकांवर आली, आणि पुढच्याच वर्षी एनव्हीडियाचा कुडा हा कार्डावर गणित चालवायचा संच आला. ज्या गणकांवर सावल्या निघत होत्या, त्यांच्यावर आता कुणीही कसलंही गणित चालवू शकत होतं.

इथे ड्रायव्हरचं काम मुळापासून बदललं. खेळ किंवा ब्लेंडर शेडर देतो तो मजकूर म्हणून, नाहीतर स्पिर-व्ही नावाच्या मधल्या रूपात. कार्डाला तो तसा कळत नाही. त्याचं कार्डाच्या यंत्रभाषेत भाषांतर करावं लागतं, आणि ते तुमच्या यंत्रावर, प्रोग्रॅम चालू असताना. म्हणजे आजच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा गाभा एक कंपायलर आहे. प्रोसेसरच्या बाबतीत आपल्याला एक सुख आहे: २० वर्षांपूर्वी इंटेलसाठी कंपाइल केलेला प्रोग्रॅम आजच्या इंटेलवर किंवा एएमडीवरही चालतो, कारण यंत्रभाषा जपली गेली. ग्राफिक्सवाल्यांनी हे वचन कधीच दिलं नाही. एएमडीचंच बघा. त्यांच्या चिपच्या रचना अशा बदलल्या: टेरास्केल, मग २०१२ पासून जीसीएन, मग २०१९ पासून आरडीएनए. टेरास्केलमध्ये एका आज्ञेत अनेक कामं कोंबून बसवायची जबाबदारी कंपायलरची होती, जीसीएनमध्ये ती पद्धतच गेली. जीसीएन ६४ धागे, म्हणजे समांतर चालणारी गणितं, एकत्र हाकायचं, आरडीएनए ३२ हाकतं. दर वेळी सोऱ्याचं तोंड बदलतं, आणि चकत्या कापणाऱ्या तांबटाला हात नव्याने बसवावा लागतो.

लिनक्सवर हे तांबटकाम बहुतांशी मेसा या प्रकल्पात चालतं. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये तो सुरू केला तेव्हा तो ओपनजीएलची निव्वळ सॉफ्टवेअर नक्कल होता. आज एएमडी, इंटेल, नूव्हो, रास्पबेरी पाय या सगळ्यांचे वापरकर्त्याच्या बाजूचे ड्रायव्हर त्यात आहेत. शेडर आधी एनआयआर या सामाईक मधल्या रूपात येतो, तिथे त्याची काटछाट होते, आणि मग प्रत्येक चिपचा आपापला कंपायलर त्यातून यंत्रभाषा काढतो. म्हणजे काटछाटीत एकाने केलेली सुधारणा सगळ्यांना मिळते.

त्याचा परिणाम मी लॅबमध्ये डोळ्यांनी पाहिलाय. मुलं एखादा जड देखावा पहिल्यांदा उघडायची तेव्हा कार्ड रिकामं असूनही चित्र अडखळायचं, दुसऱ्यांदा तोच देखावा सुरळीत चालायचा. अडखळणं शेडर कंपाइल होण्याचं होतं. दुसऱ्या वेळी तयार भाषांतर डिस्कवरच्या साठ्यातून यायचं. एएमडीच्या कार्डांसाठी तेव्हा सर्वसाधारण एलएलव्हीएम कंपायलर वापरला जायचा. तो दमदार आहे, पण खेळाच्या मध्यात वाट बघायला लावण्याइतका हळू. स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१९ मध्ये खास शेडरसाठी लिहिलेला एसीओ कंपायलर पुढे आणला आणि २०२० च्या मेसा २०.२ पासून तो आरएडीव्ही या एएमडी कार्डांच्या व्हल्कन ड्रायव्हरमध्ये नेहमीचा झाला (व्हल्कन म्हणजे ओपनजीएलनंतरचं नवं प्रमाण). तीच कार्डं, तीच यंत्रं, आणि अडखळणं ठळकपणे कमी. चिपला कुणी हात लावला नव्हता.

आता कंपन्यांकडे येतो. एएमडीने रेडिऑन कार्डं बनवणारी एटीआय कंपनी विकत घेतल्यावर, २००७ मध्ये, चिपची कागदपत्रं खुली करायचं ठरवलं. एएमडीजीपीयू हा कर्नल ड्रायव्हर २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत आला. पण एएमडीच्या कार्डांचा आज सगळ्यात जास्त वापरला जाणारा व्हल्कन ड्रायव्हर, आरएडीव्ही, कंपनीने लिहिलेला नाही. २०१६ मध्ये डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन यांनी तो सुरू केला, आणि तो इतका पुढे गेला की २०२५ मध्ये कंपनीने स्वतःचा एएमडीव्हीएलके हा मुक्त ड्रायव्हर थांबवून आरएडीव्हीला पाठबळ द्यायचं ठरवलं. मला याहून मोलाची वाटते ती एक छोटी गोष्ट. २०१२ च्या सुमाराची पहिल्या जीसीएन पिढीची कार्डं इतकी वर्षं जुन्या रेडिऑन ड्रायव्हरवर चालत होती. कर्नल ६.१९ मध्ये ती आपसूक एएमडीजीपीयूवर आली. कंपनीने ज्या कार्डांचा नाद कधीच सोडला, त्यांना विकणं थांबल्यावर कितीतरी वर्षांनी नवा ड्रायव्हर मिळाला, कारण मूळ लेखन लोकांसमोर होतं आणि कुणाला तरी ते काम करावंसं वाटलं.

एनव्हीडियाच्या बाबतीत नूव्होची माणसं वर्षानुवर्षं कागदपत्रांशिवाय, कार्ड कसं वागतं ते न्याहाळून ड्रायव्हर लिहीत आली. २०१० मध्ये तो कर्नल २.६.३३ मध्ये आला. मग जीटीएक्स ९०० मालिकेपासून कार्डाने सही असलेलंच फर्मवेअर स्वीकारायचं असं ठरलं, आणि गती वाढवायला लागणारं सही केलेलं फर्मवेअर नूव्होला मिळालं नाही. त्यामुळे तुमचं १०६० नूव्होवर चालतं खरं, पण सुरू होताना ज्या मंद गतीवर असतं, तिथेच अडकून राहतं. नव्या मेसामध्ये एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर पास्कलवरही सुरू होतो, तो चांगला लिहिलेला आहे, पण घड्याळच पुढे सरकत नसेल तर त्यानेही काय करावं? ट्यूरिंगपासून पुढे चित्र बदलतंय. कर्नल ६.७ पासून नूव्हो जीएसपीशी बोलू शकतो, त्यामुळे गती वाढते, आणि रस्ट या भाषेत लिहिला जाणारा नोव्हा नावाचा नवा ड्रायव्हरही कर्नलमध्ये आकार घेतोय. तुमच्या कार्डाला यातलं काहीच मिळणार नाही. त्याच्यासाठी कंपनीचा ५८० हाच एक रस्ता आहे.

आणि ‘ओपन’ या शब्दाबद्दल एक खुलासा. मुक्त झाला तो कर्नलमधला भाग. शेडरचा कंपायलर, ओपनजीएल, व्हल्कन, कुडा ही वापरकर्त्याच्या बाजूची लायब्ररी बंदच आहे, आणि जीएसपीवर चढणारं कित्येक एमबीचं फर्मवेअरही बंद आहे. वरच्या भाषेत सांगायचं तर सोऱ्याची मूठ उघडी झाली, तांबटाचं दुकान अजून बंद दाराआड आहे.

इंटेलचं थोडक्यात. ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि मेसामध्ये, दोन्ही मुक्त. त्यांचं आर्क कार्ड घेतलंत तर कर्नल पहिल्या पिढीसाठी किमान ६.२ हवा आणि मदरबोर्डवर रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी सोय, चालू हवा. जुन्या मदरबोर्डवर ती सोय नसेल तर आर्क घेऊ नका, गती फार पडते.

कर्नलच्या बाहेरचं मॉड्यूल वापरताना एक किंमत मोजावी लागते, ती मी स्वतः मोजली आहे. लिनक्सचा कर्नल आतल्या मॉड्यूलांना स्थिर जोडणीचं वचन देत नाही. आतली रचना बदलली की कर्नलमध्येच असलेले ड्रायव्हर बदल करणाराच सुधारून टाकतो. बाहेरचा ड्रायव्हर मात्र प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस नावाचा प्रोग्रॅम ते काम आपोआप करतो, पण त्याला त्या कर्नलच्या हेडर फाइली, म्हणजे कर्नलच्या आतल्या जोडण्यांची वर्णनं, लागतात. काही वर्षांपूर्वी प्रकल्प सादर करायच्या आठवड्यात आमच्या लॅबमधल्या २४ यंत्रांवर रात्री कर्नल अद्ययावत झाला आणि सकाळी सगळे पडदे काळे होते. हेडरचं पॅकेज आम्ही एका ठरावीक कर्नलपुरतं टाकलं होतं, त्यामुळे नव्या कर्नलसोबत नव्या हेडर आल्याच नाहीत आणि मॉड्यूल बांधलं गेलं नाही. मुलांचे रेंडर अडकले. काही जणींच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी विसरलेलो नाही. ग्रबमधून आधीचा कर्नल निवडून आम्ही दुपारपर्यंत यंत्रं सुरू केली.

तेव्हापासून माझ्या तीन सवयी आहेत. हेडरचं ते पॅकेज टाकायचं जे कर्नलबरोबर स्वतः पुढे सरकतं. आधीचा एक चालणारा कर्नल कधी काढायचा नाही. आणि अद्ययावत करायचं ते आधी एकाच यंत्रावर, सोमवारी, बाकीच्यांवर गुरुवारी. तुमच्याकडे एकच यंत्र आहे, तर निदान काम देण्याच्या आदल्या दिवशी काहीही अद्ययावत करू नका.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ. तुमच्या १०६० ला ५८०, ‘ओपन’ नसलेला. सिक्युअर बूट असेल तर निळ्या पडद्यावर किल्ली. ड्रायव्हर म्हणजे कर्नलमधला भाग, फर्मवेअर आणि कंपायलर असं तिहेरी काम, आणि तिन्हींच्या चाव्या कुणाकडे आहेत त्यावर कार्डाचं आयुष्य ठरतं.

आता ब्लेंडर. ड्रायव्हर नीट लागल्यावरही ब्लेंडर आपणहून कार्ड वापरत नाही. प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमच्या पानावर सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडररसाठी कुडा किंवा ऑप्टिक्स निवडून कार्डासमोर खूण करायची, आणि मग प्रत्येक देखाव्याच्या रेंडर सेटिंगमध्ये डिव्हाइस बदलून जीपीयू करायचं. दुसरी पायरी लोक विसरतात. ब्लेंडर फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज पद्धतीतून घेतलं असेल तर आणखी एक भानगड आहे: फ्लॅटपॅक एनव्हीडियाच्या लायब्ररीची स्वतःची प्रत ठेवतं आणि तिची आवृत्ती तुमच्या ड्रायव्हरशी तंतोतंत जुळावी लागते. ड्रायव्हर बदलला की फ्लॅटपॅकही अद्ययावत करा. मी स्वतः ब्लेंडर त्यांच्या संकेतस्थळावरून थेट घेतो, कटकट कमी.

मशीन लर्निंगला १०६० शिकण्यापुरतं पुरेल. ६ जीबीत छोटी मॉडेलं बसतात. अर्ध्या अचूकतेचं गणित मात्र पास्कलवर फार हळू चालतं, त्यामुळे नव्या शिकवण्यांमधला वेग तुम्हाला दिसणार नाही. शिवाय कुडा १३ ने पास्कलचा आधार काढून टाकलाय. पायटॉर्च ही मशीन लर्निंगची लायब्ररी टाकताना कुडा १२ वर बांधलेली, पास्कल धरून असलेली आवृत्ती बघून निवडा, समोर येईल ती घेऊ नका.

आणि हा एएमडीचा सल्ला. तुमच्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं चित्रापुरतं पूर्ण खरं आहे. गणितापुरतं ते कार्डागणिक बदलतं. वापरलेल्या कार्डांत आरएक्स ५८० नेहमी दिसतं, त्याचंच उदाहरण घ्या. आरएडीव्हीवर ते आजही छान चालतं, वेगळं काही टाकावं लागत नाही, डेस्कटॉप आणि खेळ निर्धास्त. पण एएमडीच्या आरओसीएम या गणिताच्या संचाने त्या पिढीचा अधिकृत आधार कधीच सोडला, आणि एएमडी कार्डांवर रेंडर करायला ब्लेंडर वापरतं ते हिपही त्याच्यावर चालत नाही. तुमच्या दोन्ही कामांना ते कार्ड निरुपयोगी आहे. आरएक्स ६६०० घेतलंत तर ब्लेंडर चालेल, पण आरओसीएमच्या अधिकृत यादीत ते नाही. लोक एक पर्यावरण चल (प्रोग्रॅम सुरू करताना द्यायची सेटिंग) लावून त्याला मोठ्या भावाच्या नावाने चालवतात. ते बहुधा चालतं. ‘बहुधा’ या शब्दावर मी विद्यार्थ्यांचा अभ्यास उभा करत नाही.

त्यामुळे माझा कल असा. मशीन लर्निंग खरंच गंभीरपणे करायचं असेल, तर ट्यूरिंग किंवा त्यानंतरचं एनव्हीडिया, आणि मेमरीवर पैसे घाला. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं कार्ड मी आजही सुचवतो. त्याला ओपन मॉड्यूल चालतं, आणि उद्या कंपनीने हात काढलाच तर एनव्हीके आणि नोव्हाच्या रूपाने निदान चित्रापुरता एक मुक्त वारस तयार होतोय. मशीन लर्निंग हौसेपुरतंच असेल आणि यंत्र आठ-दहा वर्षं वापरायचं असेल, तर आरडीएनए २ किंवा पुढचं एएमडी घ्या. वर सांगितलेली जीसीएनची गोष्ट हेच माझं कारण. एएमडी घेतलंत तर मॉनिटरला डिस्प्लेपोर्टची केबल लावा. एचडीएमआय २.१ चा मुक्त ड्रायव्हर एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारला, त्यामुळे ४के पडदा १२० हर्ट्झवर हवा असेल तर एचडीएमआयवर अडचण येते.

हे सगळं तुमच्या मदरबोर्डवर, वीजपुरवठ्यावर आणि वापरलेलं कार्ड कोणत्या अवस्थेत मिळतं त्यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी तुमच्या जागी असतो तर ५८० टाकून याच कार्डावर सहा महिने काम केलं असतं. सहा महिन्यांत स्वतःला कळतं की वेळ ब्लेंडरमध्ये जातोय की मॉडेलं शिकवण्यात, आणि कार्ड त्यावरून निवडता येतं.

तूर्त एवढं करा. वरच्या दोन आज्ञांची उत्तरं आणि डीमेसेजमधल्या एनव्हीआरएमच्या ओळी, चुका न सुधारता जशाच्या तशा इथे डकवा. सिक्युअर बूट चालू आहे का आणि तो निळा पडदा कधी दिसला होता का, तेही लिहा. मदरबोर्डचं नाव आणि वीजपुरवठा किती वॅटचा आहे तेही कळवा. मी रात्री नऊनंतर बघतो.